अस्वलाचा श्वास

"काकू, वाक्याला परत उशीर झाला," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. बिचाऱ्याला म्हणवत नव्हतं, पण म्हणावं लागत होतं.

काकूंनी हेडफोन नीट केला. समोरच्या पडद्यावर अस्वल पुन्हा झाडाखाली येऊन उभं राहिलं. मुलांच्या या कार्टूनमध्ये काकू खारीचा आवाज द्यायच्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, अस्वलाचा. घशाच्या ऑपरेशनात काकांचा आवाज गेला, तेव्हा कंपनीने जुन्या भागांतून तो उचलून मशीनवर तयार करून घेतला. काकांनी हसत हसत सही दिली होती. आता ते रेकॉर्डिस्टच्या मागे सोफ्यावर बसून आपलाच आवाज ऐकत होते. मनात काय चाललं असेल, देव जाणे. चेहरा तरी असा, की बसची वाट बघतायत.

"माझा मध कुठे गेला?" हेडफोनमधलं अस्वल गरजलं. हुबेहूब काका. नाव ठेवायला जागा नव्हती.

काकू थांबल्या. जरा जास्तच थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "पोटात बघ की स्वतःच्या!"

झालं. हाही टेक वाया.

घोडं कुठे अडतंय ते काकूंना पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं दोघं एकाच माइकसमोर उभं राहून भांडत आली. काका वाक्य संपवायचे, पुढचं बोलायला श्वास घ्यायचे, आणि तेवढ्यात काकू त्यांना तोडायच्या. सगळी गंमत त्या तोडण्यात. पडद्याकडे बघायची कधी गरजच पडली नाही. मशीनचं अस्वल मात्र वाक्य संपलं की नुसतं गप्प होतं. श्वासच घेत नाही, तर त्याला तोडायचं कसं? काकू आपल्या वाट बघत राहायच्या.

लॅपटॉपवरून दिग्दर्शिका बोलली. ती तिच्या घरी, चित्रं काढणारे भलत्याच देशात, संगीतवाला आणखी तिसरीकडे. एकमेकांचं तोंडही न बघता सगळ्यांचं झकास चाललं होतं. अडली होती ती एकटी खार.

"काकू, दमला असाल तर राहू द्या. तुमचाही आवाज आहेच की आपल्याकडे भरपूर. तोही मशीनवर करून घेऊ."

किती गोड बोलली! "नाही नाही, अजून एकदा घेऊ. एकदाच," त्या म्हणाल्या, आणि आपण या वयात अशा गयावया करतोय याची त्यांना लाज वाटली.

सोफ्यावरून काका उठले. जड दार ढकलून आत आले, दुसरा हेडफोन कानाला लावला आणि नेहमीच्या जागी, काकूंच्या डाव्या अंगाला उभे राहिले.

"अहो, तुम्ही कशाला आता..."

काकांनी पडद्याकडे बोट केलं.

"माझा मध कुठे गेला?" अस्वल गरजलं. काकांनी तोंड उघडून श्वास घेतला.

"पोटात बघ की स्वतःच्या!"

असा बसला टेक, की रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठलाच. पुढचं अख्खं भांडण त्यांनी न थांबता उरकलं. काका श्वास घेत होते, काकू तोडत होत्या. काकूंना रडू येत होतं आणि खार खिदळत होती.

"वा, वा! काय मजा आली!" दिग्दर्शिकेने टाळ्या वाजवल्या. "आणि मागे काकांचा श्वासही आलाय. किती खरं वाटतं! काका, असं करू. रागाचे, हसण्याचे, धापा टाकण्याचे असे थोडे श्वास आत्ताच रेकॉर्ड करून घेऊ. मशीनला जोडता येतील. म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला हेलपाटा नको."

रेकॉर्डिस्ट खाली बघून वायर गुंडाळायला लागला. काकांचं काय, भोळा सांब. त्यांनी मान डोलावली, माइकजवळ सरकले आणि तोंड उघडलं.

काकूंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"काकू, अहो, श्वास तर आहेत नुसते," दिग्दर्शिका म्हणाली. "नाहीतर पुढचा भाग करायचा कसा?"

"हवा तर माझा आवाज घ्या," काकू म्हणाल्या. "यांचा श्वास तेवढा राहू द्या. तो घरी लागतो."