सतरा आणि अठरा

फार्मासिस्टनं कुलपातली यादी काढून दिली. मोठ्या डॉक्टरांनी ती भर सभेत वाचली, आणि शेवटची ओळ येईपर्यंत टाळ्या सुरूही झाल्या.

चाळीस रुग्ण. वीस जणांना फुप्फुसाचं नवं औषध, वीस जणांना तसंच दिसणारं, तसंच कडू पाणी. कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही आजच कळत होतं. औषधवाले जवळजवळ सगळे सुधारले होते. पाणीवाले होते तिथेच राहिले, काही गेले.

“सतरा नंबर, पाणी, मृत्यू. अठरा नंबर, औषध, ठणठणीत,” डॉक्टर म्हणाले. “याहून स्वच्छ निकाल काय हवा?”

फार्मासिस्टनं टाळ्या वाजवल्या नाहीत. बाकी यादी खरी असेल, पण त्या दोन ओळी खोट्या होत्या. तिनंच त्या खोट्या केल्या होत्या.

सतरा नंबर शिवणकाम करायची. औषध सुरू होण्याआधीच्या तपासण्यांपासूनच, आली की बाकावर बसून कुणाचं ना कुणाचं काहीतरी शिवून द्यायची. फार्मासिस्टच्या कोटाचं बटण, नर्सचा उसवलेला खिसा, आकडेमोड सांभाळणाऱ्या फूटपट्टी सरांच्या पिशवीचा बंद. “रिकामे हात चावतात हो ताई,” म्हणायची. घरी सात वर्षांची मुलगी, आणि मागेपुढे कुणी नाही.

अठरा नंबर निवृत्त शाळा-तपासनीस. त्याला बाकसुद्धा नापास वाटायचा. “काय बाई, आज औषध देणार की नळाचंच पाणी?” हा आल्या आल्या टोमणा. शिवणारीलाही सोडायचा नाही. “तिकडे तोंड करून खोकत जा जरा. शिस्त म्हणून काही आहे की नाही?”

कुणाला काय मिळणार हे ठरवायचे फूटपट्टी सर. ते संख्याशास्त्रज्ञ. चिठ्ठ्या टाकून यादी बनवायची, औषधाच्या पेट्यांवर नंबरांची लेबलं लावायची, आणि यादीसकट सगळं फार्मासिस्टच्या स्वाधीन करायचं, हे त्यांचं काम. नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. चहाचा कपही ते टेबलाच्या कडेला समांतर ठेवत.

पेट्या आल्या त्या दिवशी तिनं यादी पाहिली. सतराला पाणी. अठराला औषध.

“सर, एखाद्या माणसाला औषध मिळायलाच हवं असं वाटलं तर?” तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“वाटणं तुझं एकटीचं,” सर यादीवरून नजर न काढता म्हणाले. “नीती सगळ्यांनी मिळून ठरवलेली. सगळ्यांचं ते इथे पाळायचं. एकटीचं घरी ठेवून यायचं.”

“आणि मन ऐकेना तर?”

त्यांनी यादी तिच्या हातात दिली. “मग मनानंच निस्तरायचं.”

जेवणाच्या सुट्टीत तिनं ओल्या फडक्यानं दोन्ही पेट्यांवरची लेबलं सोडवली आणि अदलाबदल करून चिकटवली. पाच मिनिटांचं काम. त्या म्हाताऱ्यावाचून कुणाचं काय अडणार होतं?

अकराव्या आठवड्यात शिवणारी गेली. तपासनीस जिने चढू लागला.

तेव्हापासून बाकाकडे पाहायची सोय उरली नव्हती. गोळ्या मोजताना पाठीमागे तो खोकला यायचा, दोन छोटे, एक लांब. वळून पाहावं तर भिंत. बटण तिनं कापून टाकलं, तरी कोट घालताना बोटं तिथेच जायची. आपण तिला औषध दिलं, आणि औषधानंच तिचा घास घेतला. पाण्यावर राहिली असती तर जगली असती. म्हातारा पाण्यावर जगलाच की.

फूटपट्टी सरही त्या दिवसांत वाळले होते. “सतरा नंबर गेली? नक्की? सतराच?” असं त्यांनी तीनदा येऊन विचारलं होतं. आकड्यांचा माणूस, खातरी करून घेतोय, असं तिला वाटलं.

सभा संपली. जिन्यात तपासनीस भेटला. हातात फुलं, आणि आवाज पहिल्यांदाच खाली.

“बाई, पाणी नव्हतं हो ते. माफी मागतो तुमची.”

तिला फुलं घेववेनात. पुढच्या महिन्यात हे औषध गावोगावच्या दवाखान्यांत जाणार होतं. शिवणारीसारखं आणखी कुणाच्या छातीला ते सोसलं नाही तर? ती तशीच वळली आणि फूटपट्टी सरांच्या खोलीत शिरली.

“सर, मी नीती मोडली. नोकरी जाईल, परवाना जाईल. जाऊ दे. पण हे औषध एखाद्याला मारतं, हे कागदावर आलंच पाहिजे.”

मग तिनं सगळं सांगितलं.

“लेबलं बदललीस?” त्यांनी शेवटी विचारलं. “दोन्ही?”

“हो.”

“मी पेट्या आणून दिल्यावर?”

“त्याच दुपारी. सर, ओरडा तरी.”

ते ओरडले नाहीत. खुर्चीचा हात धरून बसले, आणि म्हणाले, “औषधानं तिला मारलं नाही. तिला औषध मिळालंच नाही. कागद खरा आहे.”

“कसा खरा असेल? माझ्या हातानं बदललंय मी!”

“ती दोन लेबलं,” सर म्हणाले, “तुझ्याकडे आणण्याआधी मी मुद्दाम अदलाबदल करून लावली होती.”