पालकांसाठी निवेदन

तिसरं निवेदन आलं तेव्हा ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. शिलाई मशीनच्या फळीवर मोबाइल थरथरला. तिने कात्री बाजूला ठेवून वाचलं.

‘प्रिय पालकहो, शाळा विभागाच्या प्रमुखांनी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला आहे. नव्या प्रमुखांची निवड होईपर्यंत सर्व शाळांचं कामकाज सुरळीत सुरू राहील.’

“सुरळीत म्हणे,” ती नवऱ्याला म्हणाली.

पहिल्या निवेदनात प्रमुख रजेवर होते. दुसऱ्यात अफवांवर विश्वास ठेवू नका, असं होतं.

सात आठवड्यांपूर्वी खेळाच्या सरांनी तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला सामानाच्या खोलीत कोंडलं होतं. कारण काय, तर बूट विसरली. मग सर तिलाच विसरले आणि घरी गेले. संध्याकाळी पहारेकऱ्याला ती सापडली. मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण दिवसभर तिची लगबग चाले. त्या दिवसापासून मुंगी बोलायचीच थांबली. हो-नाही तेवढं मानेने सांगायची. घरातलं एकही दार लावू द्यायची नाही, न्हाणीघराचंसुद्धा.

जुन्या प्रमुखांनी मुंगीला तपासलेल्या डॉक्टरांचा कागद आईसमोर वाचला होता आणि चौकशीचा आदेश स्वतःच्या हाताने लिहून तिला दिला होता. “आठ दिवसांत निकाल लावतो,” असा शब्दही दिला होता. नवव्या दिवशी पहिलं निवेदन आलं. खेळाचे सर रोज शिट्टी गळ्यात अडकवून शाळेत येतच होते.

तिसऱ्या निवेदनानंतर आई विभागाच्या कार्यालयात गेली. प्रभारी साहेबांनी मान वर केली नाही.

“नवे प्रमुख येऊ द्या. सध्या सगळंच अधांतरी आहे.”

“पण साहेब, माझी मुलगी…”

“बाई, माझ्या हातात काही नाही.”

ती बाहेरच्या बाकावर मटकन बसली. थोड्या वेळाने कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. पालक संपर्क कक्षाच्या अधिकारी होत्या. त्या तिच्या शेजारी बाकावरच बसल्या आणि तिचं बोलणं मध्ये एकदाही न तोडता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, तुम्ही तरी…”

“मॅडम नको, ताई म्हणा. मी घरी येते. मुलीला इथे आणू नका.”

गुरुवारी ताई खरंच आल्या. कुणी न सांगता त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि जमिनीवर बसकण मारून मुंगीबरोबर बटणं निवडायला घेतली. मोठी इकडे, बारकी तिकडे. प्रश्न एकही नाही. तासाभराने मुंगी आपणहून बोलली.

“एकवीस चेंडू होते. अंधार झाल्यावर मी हाताने मोजले. तेव्हा वीसच भरले.”

स्वयंपाकघरात आईने ओट्याची कड घट्ट धरली. सात आठवड्यांतलं ते पहिलं वाक्य होतं. ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी मुंगीचा शब्दन् शब्द उतरवून घेतला.

निघताना त्या हळूच म्हणाल्या, “वहिनी, प्रभारींचा त्या खुर्चीवर डोळा आहे. ते बसले तर हे प्रकरण गाडलं जाईल.”

आईने कपाटातून डॉक्टरांचा कागद आणि चौकशीचा आदेश काढला. “हे घेऊन जा. निवड समितीलाच दाखवा.”

“अहो, झेरॉक्स चालेल मला.”

“झेरॉक्समध्ये जुन्या प्रमुखांची सही पुसट येते. त्यांना मूळ कागदच बघू दे.”

ताईंनी कागद दोन्ही हातांनी घेतले. “एकच करा. बाहेर कुणापाशी बोलू नका. चौकशीला बाधा येते.”

पुढच्या आठवड्यात निवेदन आलं, की नवे प्रमुख कसे असावेत याबद्दल पालकांनी सभेत मत मांडावं. सभागृह भरलं होतं. आईने जन्मात कधी माइक हातात धरला नव्हता. तरी ती बोलली.

“माझ्यावर काय वेळ आली होती ते मी इथे सांगत नाही. पण या कार्यालयातलं एकच माणूस माझ्या घरी आलं. जमिनीवर बसलं. माझ्या लेकराचं ऐकलं.” तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या ताईंकडे बोट केलं. “त्या खुर्चीवर असं माणूस बसवा. मग आम्ही पोरांना निर्धास्त शाळेत पाठवू.”

आधी एक टाळी वाजली, मग सगळं सभागृह. ताई नको-नको म्हणत हात हलवत होत्या. प्रभारी चेहरा पाडून बाहेर पडले.

दहा दिवसांनी सातवं निवेदन आलं. ताईंचा फोटो वरच होता. आई किंचाळलीच. नवरा दाढीचा फेस तसाच ठेवून धावत आला.

“झाल्या गं बाई! ताई झाल्या प्रमुख!”

तिला रडू आवरेना. नवरा गालाच्या फेसासकट हसत होता. मुंगी आईच्या कुशीत शिरली.

“आता त्या सरांना काढतील?”

“काढतील गं राणी. आता सगळं होईल.”

“मोठ्याने वाच ना.”

तिने डोळे पुसले आणि वाचू लागली.

“‘प्रिय पालकहो, आपण सभेत एकमुखाने दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार. नव्या प्रमुखांनी आज पदभार स्वीकारला. स्थित्यंतराच्या या संपूर्ण काळात त्यांच्या पालक संपर्क कक्षाकडे एकाही पालकाची एकही तक्रार दाखल झाली नाही. या कामगिरीची दखल घेऊनच समितीने ही निवड केली आहे.’”