बटणाचा मान

भूमिकानं सकाळपासून उजव्या हाताचं पहिलं बोट जपून ठेवलं होतं. साबणानं दोनदा धुतलेलं. वेणीला रिबन तिनं आईकडून बांधून घेतली आणि चहातलं बटर डाव्या हातानं खाल्लं, त्यावरून आजीचा धपाटाही खाल्ला. दुसरीत पहिली आलीस तर कॉम्प्युटर, आणि त्याचं पहिलं बटण तुझं, असं वाल्मिकनं वर्षभर लेकीला सांगितलं होतं. तिसरी-चौथी येईल, मग बघू, असा त्याचा अंदाज. पोरगी पहिलीच आली.

मुहूर्त दहा सत्तेचाळीसचा होता. वाल्मिकच्या आईनं, बाईजानं, तो गुरुजींकडून काढून आणला होता. या घरात म्हैससुद्धा मुहूर्ताशिवाय आली नव्हती. पण शेणव्यात, त्यांच्या गावात, लाइट दहाला जायची ती पाचला यायची, आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक करताना गुरुजींना कुणी विचारलं नव्हतं. शहापूरच्या दुकानातून वायरी जोडायला नम्रता नावाची मुलगी आली होती. ती म्हणाली, पाच वाजता चालू करा, बिघडलं काय. बाईजानं तिला फक्त, लग्न झालंय का, एवढं विचारलं.

शेवटी वाल्मिक दामूशेठकडे गेला. दामूशेठ पंचायत समितीचे माजी सभापती, पण त्यातला 'माजी' गावात कुणी उच्चारत नसे. शेठनी सबस्टेशनला एक फोन केला आणि लाइट अकरापर्यंत थांबली. बदल्यात पलीकडच्या पाड्यांची तासभर आधी गेली. पाड्यांवर त्या दिवशी कुणाचा मुहूर्त नव्हता.

ज्यानं लाइट थांबवून ठेवली त्याला बोलावलं नाही, असं होत नाही. शेठ चार माणसं घेऊन साडेदहाला आले. घरात नवी खुर्ची एकच होती, चाकांची, भूमिकासाठी घेतलेली. शेठ तीत बसले. भूमिका टेबलाच्या कडेला उभी राहिली, बोट पुढे करून. मॉनिटरला हळदकुंकू लागलं, काशीनं, म्हणजे वाल्मिकच्या बायकोनं, हार घातला, उंबऱ्यावर नारळ फुटला. शेठ एकविसाव्या शतकाबद्दल दहा मिनिटं बोलले. लागून पाच-सात वर्षं झालेल्या शतकाला अजून बराच अवकाश असल्यासारखे बोलले.

सत्तेचाळीस झाले. नम्रतानं विचारलं, बटण कोण दाबतंय?

"पोरीला दाबू दे रे वाल्मिक," शेठ म्हणाले.

"नाय शेठ, असं कसं? मान तुमचा."

आता, असं बोलायची एक रीत आहे. समोरच्यानं द्यायचं, आपण नको म्हणायचं, त्यानं पुन्हा द्यायचं, मग आपण घ्यायचं. पंगतीतला भातसुद्धा या भागात दुसऱ्या आग्रहानंच पानात पडतो. वाल्मिक हात जोडून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिला. भूमिका बापाकडे बघत होती.

दुसरा आग्रह झाला नाही. शेठ खुर्चीतून पुढे वाकले आणि त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं.

पडद्यावर हिरवा डोंगर आणि निळं आभाळ आलं. हा तर आपल्या माहुलीकडचा माळ, असं एक जण म्हणाला, आणि शेठनी मान हलवली, जणू तोही त्यांनीच मंजूर करून आणला होता.

"टाळ्या वाजव गो," बाईजा नातीला म्हणाली.

भूमिकानं वाजवल्या. सकाळपासून जपलेलं बोट इतर नऊ बोटांत मिसळून गेलं.

मग पोहे आले. पोहे संपेपर्यंत अकरा झाले आणि डोंगर, आभाळ, सगळं एकदम काळं झालं. शेठ उठले, पोरगी हुशार हाय, तिला खूप शिकव, म्हणाले आणि गेले. नम्रतानं कुठलं बटण केव्हा दाबायचं ते वाल्मिकला कागदावर लिहून दिलं आणि साडेअकराची एसटी पकडली. बाईजानं कॉम्प्युटरवर चादर घातली. दुपारभर वाल्मिक लेकीशी दोनदा बोलायला गेला. दोन्ही वेळा त्यानं तिला जेवलीस का तेवढंच विचारलं.

पाचला लाइट आली. वाल्मिकनं चादर काढली, हार बाजूला केला, खुर्ची पुसली. भूमिकाला उचलून तीत बसवलं.

"दाब. आता कोण नाय. तुझाच मान."

भूमिकानं बटणाकडे बघितलं. मग ती खुर्चीतून खाली उतरली, टेबलाच्या कडेला सकाळच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे टाळीसाठी समोर धरले.

"तुमी दाबा, पप्पा," ती म्हणाली. "मी वाजवते."