आठवड्याचा पाव

"आता मी काय विकू, पाव की पापड?" अब्बांनी चपटा पाव निलोफरपुढे आपटला. तिनं पिठात लवंगेचं तेल मळलं होतं. त्यानं बुरशीआधी यीस्टच मारलं.

डोंगरावरच्या आश्रमशाळेत बेकरीची गाडी आठवड्यातून एकदाच जाई. मागचे पाव चौथ्या दिवशीच हिरवे पडले होते. पुन्हा तसं झालं, तर शाळा बेकरी बदलणार होती. ‘शिळा’ हा शब्दही दुकानात खपवून न घेणाऱ्या अब्बांना ते फार लागलं होतं.

पुढच्या खेपेला निलोफरनं पिठात काहीच घातलं नाही. तेलाचे दोन थेंब तिनं पाव गुंडाळायच्या कागदावर टाकले. "नुसत्या वासानंही बुरशी थांबते, अब्बा."

"मग गिऱ्हाइकं दातदुखीचीच येतील!" म्हणत अब्बांनी तो पाव कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

सातव्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं. पावावर एकही ठिपका नव्हता. तुकडा मोडून त्यांनी सावकाश चावला आणि उरलेला पाव घेऊन स्वतःच आश्रमशाळा गाठली.

"खाऊन बघा, मास्तर. आमच्या लेकीनं राखलाय. चांगला सात दिवसांचा शिळा!"