सारख्या वजनाचे पदार्थ

साहेब, अर्धवट तपासणीचा अहवाल तुम्हीच पाठवायला लावलात. आजारी बाळाच्या लघवीतल्या पदार्थाचं वजन पहिल्या यंत्राने मोजलं. त्याच वजनाचे पदार्थ दोन आहेत, त्यातला कुठला ते अणूंची मांडणी बघणारं दुसरं यंत्रच दाखवतं, हे मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "वजन जुळलं ना? उगाच कीस पाडू नकोस." मी मुकाट्याने पाठवला. त्यावरून औषध ठरलं, बाळ गेलं. आज उरलेला नमुना दुसऱ्या यंत्रात घातला. पदार्थ भलताच निघाला. बाळाच्या आईला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "भाऊ, माझ्या जुळ्या मुलींचं वजनही सारखंच होतं. अंधारात नुसत्या रडण्यावरून ओळखायचे मी." त्या जुळ्यांतल्या दुसरीलाही तोच आजार आहे, तेच औषध चालू आहे. नव्या अहवालाशिवाय डॉक्टर थांबवत नाहीत. त्यावर सही करताय की नाही?