चौथी संमती

आत्याच्या निर्णयावर दबाव नको म्हणून, नियमाप्रमाणे ऋजुताला नुसतं बसायचं होतं, तोंडातून अवाक्षर काढायचं नव्हतं. तिच्या वडिलांना पन्नाशीत गिळणारं विस्मरण तिच्याही जनुकांत उतरलं होतं. त्यावरची लस आजारी नातेवाइकाच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यापासूनच बने आणि दर डोसाला त्याची संमती नव्याने घ्यावी लागे. हा चौथा डोस हुकला, तर आधीचे तिन्ही वाया जाणार होते.

तोच आजार जडलेल्या कुमुदआत्याला मागचं काहीच आठवत नव्हतं. सिस्टरने सगळं पहिल्यापासून समजावलं.

"पाठीत सुई? दुखतं का हो?"

"दुखतं, आजी. नाही म्हणालात तरी चालेल."

आत्याने पदर पाठीवरून गच्च ओढून घेतला. तिने ऋजुताकडे परक्यासारखं पाहिलं. "ही कोण?"

"तुमची भाची. औषध तिच्यासाठीच."

"असेल बाई. नसली तरी तरणीताठी पोर आहे. घाला सुई! पण आधी चहा पाजा."

सिस्टर ऋजुताला हळूच म्हणाली, "चारही वेळा घाबरल्या आणि चारही वेळा हो म्हणाल्या."

संमती मिळाली, आता बोलायची मुभा होती. ऋजुता उठून आत्याजवळ गेली. ती वाकली.

आत्याने पाय मागे घेतले. "अगं, ओळख ना पाळख, पाया कसली पडतेस!"