अस्तरात गुंडाळलेला बर्फ

अक्कलदाढ काढून आले तेव्हा गाल टम्म फुगला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि गालावर बर्फ धरायला सांगितलं होतं. आईने शिवणाच्या टोपलीतला अस्तराचा तुकडा दिला. त्यात बर्फ गुंडाळून मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं. धरून धरून बोटं गारठली. "इकडे दे," आई म्हणाली. पक्षाघातानंतर तिचा उजवा हात नुसता लोंबकळायचा. "शिवणारा हात रिटायर झाला," असं ती हसत सांगायची, पण कुणी आलं की तो शालीखाली लपवायची. आता डाव्या हाताने तो उचलून तिने माझ्या गालावरच्या बर्फावर ठेवला. "गार लागेल तुला," मी सुजल्या तोंडाने पुटपुटले. "त्या मेल्याला काय कळतंय!" हळूहळू ठणका उतरला, बर्फही वितळला. मी उठू लागले, तशी ती दटावून म्हणाली, "पडून राहा. त्या मेल्याची ड्यूटी अजून संपायचीय."